नदीपर्यंतची वहिवाट

सरकारी नोकरीत हातांखालून गेलेल्या हजारो अर्जांपैकी फार थोडे लक्षात राहतात. माझ्या लक्षात राहिलेला एक अर्ज मी दामोदर खोऱ्यातील एका उपविभागात नवखा अधिकारी असताना आला होता. झारखंड तेव्हा वेगळा झाला नव्हता. अर्जदार साठीपलीकडचा संथाळ गृहस्थ होता. त्याला नुकसानभरपाई नको होती. ती मिळून, खर्च होऊनही गेली होती. मुलासाठी खाणीतली नोकरीही त्याने मागितली नव्हती. त्याच्या गावापासून दामोदर नदीपर्यंत जाणारी पायवाट एका नव्या खुल्या खाणीच्या आवारात गेली होती. कुंपणावरचा पहारेकरी कोणाला आत सोडत नव्हता आणि घरी, मातीच्या लहानशा मडक्यात, बायकोच्या अस्थी नदीची वाट पाहत होत्या. जुन्या वाटेने त्या नेऊ द्याव्यात, एवढीच त्याची विनंती होती.

पक्क्या रस्त्याने वळसा घालून नदीवर जाता येईल, असे मी त्याला समजावून सांगितले. त्यावर तो म्हणाला, ‘‘त्या रस्त्यावर दिवसरात्र ट्रक चालतात, हुजूर. मडके हातात घेऊन माणसे तिथून चालणार कशी?’’ मी अर्जावर ‘आवश्यक कार्यवाहीसाठी अग्रेषित’ असा शेरा मारून तो खाणीच्या व्यवस्थापनाकडे पाठवला. काही महिन्यांत माझी बदली झाली. अर्जाचे पुढे काय झाले, हे मी कधी विचारले नाही.

आज तो अर्ज आठवण्याला कारण आहे. २०२१ साली ग्लासगो येथे भारताने २०७० पर्यंत कर्बउत्सर्जन निव्वळ शून्यावर आणण्याचे वचन दिले. दुसरीकडे २०२४-२५ या वर्षात देशाचे कोळसा उत्पादन शंभर कोटी टनांपलीकडे गेले. म्हणजे कोळशाचे युग इतक्यात संपत नाही. तरीही जुन्या कोळसापट्ट्यांतील अनेक खाणी संपलेल्या आहेत किंवा तोट्यामुळे बंद पडत आहेत. त्यांच्या जमिनीचे काय करायचे, या प्रश्नावर दिल्लीत, रांचीत आणि कोलकात्यात परिसंवाद होतात. तेथील सादरीकरणांत हिरवळ, तलाव, सौरपट्ट्या आणि ‘चालण्यासाठी मार्ग’ यांची सुबक चित्रे असतात. चित्रांतील मार्गावर सहसा शहरी पोशाखातले एक जोडपे असते. त्या मार्गावरून पूर्वी कोण चालत होते, हा प्रश्न मात्र सादरीकरणात येत नाही. माझे म्हणणे असे आहे की, बंद खाणीच्या जमिनीवरून चालण्याचा लोकांचा हक्क आधी नोंदवला जावा. उद्याने आणि सौरपट्ट्या त्यामागून याव्यात.

दामोदर ही छोटा नागपूरच्या पठारावर उगम पावून पूर्वेकडे वाहत हुगळीला मिळणारी नदी. करणपुरा, बोकारो, झरिया आणि राणीगंज हे कोळसापट्टे तिच्या खोऱ्यात एकामागोमाग एक पसरलेले आहेत. पण कोळशाच्या आधीपासून ती संथाळांची पवित्र नदी आहे. दहनानंतर राखेतून उचललेल्या अस्थींचे तुकडे मडक्यात जपून ठेवायचे आणि सवडीने, नातलगांसह दामोदरवर नेऊन प्रवाहात सोडायचे, अशी त्यांची रीत. त्यासाठी माणसे दूरदूरच्या गावांतून चालत येत. आजच्या पुरुलिया जिल्ह्यातील तेलकुपीचा घाट हे या विधीचे एक जुने ठिकाण. तेथे दगडी मंदिरांचा मोठा समूहही होता. पुरातत्त्व सर्वेक्षणाचे जे. डी. बेग्लर यांनी १८७२-७३ च्या दौऱ्यात त्याची तपशीलवार नोंद केली. पुढे १९५९ मध्ये पंचेत धरण पूर्ण झाले आणि जलाशयात ती मंदिरे बुडाली. देबला मित्रा यांनी बुडालेल्या तेलकुपीवर लिहिलेला पुरातत्त्व खात्याचा ग्रंथ १९६९ मध्ये निघाला. मंदिरांची अशी नोंद तरी झाली. घाटाकडे जाणाऱ्या वाटांची नोंद करावी, असे कोणाला वाटले नाही.

या खोऱ्यात इंग्रजी अमलाखालची कोळसा खाण सर्वप्रथम १७७४ मध्ये राणीगंज भागात सुरू झाली. जॉन समनर आणि सुएटोनियस हीटली हे ईस्ट इंडिया कंपनीचे नोकर तिचे प्रवर्तक. १८३६ मध्ये द्वारकानाथ टागोरांनी राणीगंजची खाण विकत घेतली. १८५५ मध्ये हावड्याहून राणीगंजपर्यंत रेल्वे आली आणि खोऱ्याचे रूप पालटू लागले. कुल्टी, बर्नपूर, सिंद्री, दुर्गापूर, बोकारो ही औद्योगिक भारताच्या इतिहासातील नावे याच खोऱ्यातली. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये अमेरिकेतील टेनेसी खोऱ्याच्या धर्तीवर दामोदर खोरे महामंडळ स्थापन झाले आणि तिलैया, कोनार, मैथन व पंचेत ही धरणे उभी राहिली. देशाने या खोऱ्याकडून वीज, पोलाद आणि खत घेतले. त्या कर्तृत्वाला कमी लेखण्याचा माझा हेतू नाही.

मात्र इतिहासाच्या विद्यार्थ्याने एक फरक ध्यानात घ्यायला हवा. पहिली दोनशे वर्षे बहुतांश कोळसा जमिनीखालून निघत होता. त्यामुळे जमीन खचे, घरांना तडे जात, विहिरी आटत. पण वरच्या वाटा बऱ्याच अंशी शाबूत राहत. १९७१ ते १९७३ या काळात खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले आणि त्यानंतर खुल्या खाणींचा विस्तार झपाट्याने झाला. आज देशातील नव्वद टक्क्यांहून अधिक कोळसा खुल्या खाणींतून येतो. खुली खाण शेतासह गावाचा सारा पृष्ठभागच उचलून नेते. बाजारची वाट, शाळेची वाट, स्मशानाची वाट, नदीची वाट अशा सगळ्या वाटा एका दिवसात नाहीशा होतात आणि त्यांच्या जागी माती-दगडांचे डोंगर उभे राहतात.

या वाटा इतक्या सहज का गेल्या, याचे उत्तर कायद्यात आहे. कोळसाधारक क्षेत्र संपादन कायदा १९५७ चा. त्यान्वये जमीन केंद्र सरकारकडे आणि तेथून सरकारी कंपनीकडे निहित होते. हितसंबंध असलेल्या व्यक्तीला भरपाई मिळते. शेताला मालक असतो, घराला मालक असतो, झाडालाही असतो. वाटेला मात्र कोणी एक मालक नसतो. झारखंडच्या महसुली भाषेत अशा सामाईक जागेला ‘गैरमजरुआ आम’ म्हणतात. सगळ्यांची, म्हणून दाव्याच्या वेळी कोणाचीच नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने पुनर्वसित गावात रस्ते, पोचमार्ग आणि वहिवाटीची सोय असावी असे तिसऱ्या अनुसूचीत सांगितले. भरपाई-पुनर्वसनाच्या त्याच्या तरतुदी २०१५ पासून कोळसा कायद्याखालील संपादनालाही लागू झाल्या. पण ती सोय नव्या गावापुरती आहे. नव्या गावातून जुन्या नदीकडे, जुन्या जाहेरथानाकडे म्हणजे देवराईकडे, जुन्या दफनभूमीकडे जाणाऱ्या वाटेबद्दल हा कायदाही काही बोलत नाही.

महाराष्ट्रातील वाचकांना यातील उणीव चटकन कळेल. शेतकऱ्याची वहिवाट अडवली गेली तर तहसीलदाराकडे दाद मागण्याची सोय तुमच्याकडे १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्यापासून आहे. पाणंद आणि शिवरस्ते यांवरून गावोगावी किती भांडणे होतात हेही तुम्ही जाणता. भांडण होते याचाच अर्थ हक्क जिवंत आहे. खाणीच्या कुंपणाआड गेलेल्या वाटेबद्दल भांडायला जागाच उरत नाही.

आता खाणी बंद होत असताना काय घडते? कोळसा मंत्रालयाने २००९ मध्ये खाण बंद करण्याच्या आराखड्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि त्यासाठी कंपन्यांनी स्वतंत्र एस्क्रो खात्यात पैसे ठेवावेत असे ठरवले. त्या वेळचा दर खुल्या खाणीसाठी हेक्टरी सहा लाख रुपये, तर भूमिगत खाणीसाठी हेक्टरी एक लाख रुपये होता. पुढे ही तत्त्वे सुधारत गेली. २०२२ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने १९५७ च्या कायद्याखाली घेतलेल्या आणि आता खाणकामास उपयोगी नसलेल्या जमिनींचे धोरण मंजूर केले. कोळसा प्रक्रिया, वीजनिर्मिती, पुनर्वसन अशा कामांसाठी या जमिनी भाडेपट्ट्याने देता येतात; मालकी सरकारी कंपनीकडेच राहते. या धोरणात कंपनी एखादा मार्ग देऊ शकते. तो मागण्याचा हक्क मात्र गावाला नाही.

चांगली कामे झालेली नाहीत असे नव्हे. दिल्ली विद्यापीठातील परिसंस्थातज्ज्ञ सी. आर. बाबू यांच्या मार्गदर्शनाखाली झरिया पट्ट्यातील तेतुलमारी येथे उजाड ढिगाऱ्यांवर स्थानिक गवते, झुडपे आणि वृक्ष यांचा थर पुन्हा उभा करण्याचा प्रयोग झाला आणि तो पाहण्यासारखा आहे. आसनसोल व धनबादच्या परिसरात जुन्या खाणींच्या जमिनींवर उद्यानेही झाली. सुटीच्या दिवशी तेथे कुटुंबे येतात, मुले खेळतात. पण उद्यान आणि वाट या दोन भिन्न गोष्टी आहेत. उद्यानाला फाटक असते, वेळ असते, बहुधा तिकीट असते आणि आत शिरलेला माणूस त्याच फाटकातून बाहेर येतो. वाट एका गावाला दुसऱ्या गावाशी जोडते आणि तिला बंद होण्याची वेळ नसते.

हा फरक मला पुस्तकांतून उमगला नव्हता. निवृत्तीनंतर जर्मनीच्या रूर प्रदेशात एम्शर नदीच्या काठाने चार दिवस चाललो, तेव्हा तो ध्यानात आला. औद्योगिक नदीखोऱ्याचा कायापालट म्हणून जगभर दाखला दिला जातो तो याच खोऱ्याचा. दामोदरशी त्याचे साम्य वरवरचे नाही. कोळसा, कोक भट्ट्या, पोलाद आणि खचणारी जमीन हे सारे तिथे होते. खचणाऱ्या जमिनीत सांडपाण्याच्या भूमिगत वाहिन्या टिकत नाहीत, फुटतात. म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी तिथल्या अभियंत्यांनी नदीलाच काँक्रीटने बांधून उघडे गटार केले. १९०१ मध्ये गेल्झेनकिर्शन येथे विषमज्वराची मोठी साथ आली होती. तेव्हा सांडपाणी वाहून नेणे हाच जिवाचा प्रश्न होता. त्यासाठी १८९९ मध्ये एम्शर सहकारी मंडळ स्थापन झाले होते. खोऱ्यातील नगरपालिका, खाणी आणि कारखाने या सर्वांना त्याचे सदस्य होणे भाग होते आणि जो जितका भार टाकेल तितकी त्याची वर्गणी. पुढली कित्येक दशके एम्शर कुंपणाआड राहिली. पाण्यात पडलेला माणूस गुळगुळीत उतारावरून वर चढू शकत नसे, म्हणून काठावर जिवाला धोका असल्याचे फलक होते. लोक आपल्या बोलीत तिला विष्ठेचा ओढा म्हणत.

खाणकाम उत्तरेकडे सरकले, जमीन खचणे थांबले आणि मगच भूमिगत वाहिन्या टाकणे शक्य झाले. १९९२ मध्ये काम सुरू झाले. नदीला समांतर ५१ किलोमीटरची, काही ठिकाणी ४० मीटर खोल अशी मुख्य वाहिनी बांधली गेली. २०२१ च्या अखेरीस नदीत सांडपाणी येणे पूर्णपणे थांबले. साधारण तीस वर्षे आणि सुमारे साडेपाचशे कोटी युरो लागले. याच सुमारास, १९८९ ते १९९९ या दहा वर्षांत, राज्य सरकारने सतरा नगरपालिकांना एकत्र आणून ‘एम्शर उद्यान’ नावाचा बांधकाम-प्रदर्शनाचा उपक्रम चालवला. ड्यूसबर्ग येथील १९८५ मध्ये बंद पडलेला लोखंडाचा कारखाना पाडून टाकण्याऐवजी त्याचे भूदृश्य-उद्यान झाले. त्याची झोतभट्टी आजही उभी आहे. तिच्यावर चढता येते. उद्यानाला फाटक नाही, तिकीट नाही, रात्रीही ते खुले असते.

मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती गोष्ट याहून साधी होती. मी ज्या वाटेने चालत होतो ती पर्यटकांसाठी नव्याने बांधलेली नव्हती. नदीच्या देखभालीसाठी मंडळाच्या गाड्या जात-येत त्या काठावरच्या सेवामार्गांचीच ती वाट झाली होती. असे शंभर किलोमीटरहून अधिक सेवामार्ग चालणाऱ्यांसाठी व सायकलस्वारांसाठी खुले करण्यात आले आहेत. मार्ग होतेच, फाटके उघडावी लागली. सकाळी त्या वाटेने शाळेची मुले जाताना दिसली, दुपारी भाजीच्या पिशव्या घेतलेल्या तुर्की वंशाच्या स्त्रिया, संध्याकाळी कुत्र्यांना घेऊन निघालेले जुने खाणकामगार. माझ्यासारखे पाहुणे त्यांत थोडेच होते.

बोट्रोप गावाजवळ हानियेल नावाचा खाणीच्या दगड-मातीचा डोंगर आहे. त्याच्या उतारावरून माथ्यापर्यंत ख्रिस्ताच्या क्रूसमार्गाचे टप्पे मांडले आहेत. तेथील क्रूस १९८७ मध्ये पोपच्या भेटीच्या निमित्ताने खाणीतल्याच साहित्यातून उभारला गेला. खाणकामगारांची अवजारे त्या टप्प्यांवर ठेवलेली दिसतात. दर गुड फ्रायडेला लोक तो डोंगर चढतात. तिथे उभा असताना मला मडके घेऊन आलेला तो अर्जदार आठवला. एका खोऱ्याने खाणीच्या ढिगाऱ्यावर नवी यात्रावाट तयार केली होती. आमच्या खोऱ्यात शेकडो वर्षांची यात्रावाट खाणीने घेतली आणि कोणत्याही कागदावर तिची नोंद राहिली नाही.

रूरचे गोडवे गाताना थांबायचे कुठे, हेही सांगितले पाहिजे. गेल्झेनकिर्शन आजही जर्मनीतील सर्वाधिक बेरोजगारी असलेल्या शहरांपैकी एक आहे. खाणीतला पगार वाटांनी भरून निघालेला नाही आणि निघणारही नाही. शिवाय खचलेल्या जमिनीत पाणी भरू नये म्हणून तिथे पंप कायम चालू ठेवावे लागतात. ते थांबले तर वस्तीचा मोठा भाग तळ्याखाली जाईल. या कामांना तिथे ‘अनंतकाळची कामे’ म्हणतात. त्यांच्या खर्चासाठी २००७ मध्ये स्वतंत्र प्रतिष्ठान स्थापन झाले आणि ते दरवर्षी वीस कोटी युरोंहून अधिक रक्कम खर्च करते. देशातली शेवटची दगडी कोळशाची खाण २०१८ च्या डिसेंबरात बंद झाली, तेव्हा हा हिशेब आधीच मांडलेला होता. आपल्याकडे एस्क्रो खात्यातील रक्कम खाण बंद झाल्यावरच्या थोड्या वर्षांचा विचार करते. त्यापलीकडचे दायित्व कोणाचे, याचे स्पष्ट उत्तर आपल्या व्यवस्थेत नाही.

मग पैशाची एवढी ताकद नसलेल्या देशाने एम्शरकडून काय घ्यावे? साडेपाचशे कोटी युरोंची वाहिनी आपण उद्या बांधू शकणार नाही. फाटक उघडणे मात्र आपल्याला परवडते. आणि त्याचा उपयोग केवळ चालणाऱ्याला होत नाही. ज्या जमिनीवरून रोज माणसे जातात तिथे खचलेला उतार, गळणारे काळे पाणी, मरून गेलेली रोपे आणि रात्री टाकलेली राख लपून राहत नाही. तपासणी अधिकारी वर्षातून एकदा येतो. वाट वापरणारी बाई दिवसातून दोनदा येते. खाण बंद करण्याच्या आराखड्यातील आश्वासने पाळली जातात की नाही हे पाहण्याची इतकी स्वस्त आणि अखंड व्यवस्था मला तरी दुसरी ठाऊक नाही.

यावरचे आक्षेप मी नोकरीत ऐकले आहेत आणि स्वतः मांडलेही आहेत. पहिला सुरक्षेचा. तो खरा आहे. झरियात जमिनीखालची आग १९१६ पासून नोंदलेली आहे. आग आणि खचणे यांच्याशी लढण्यासाठी २००९ मध्ये झरियासाठी ७,११२ कोटी रुपयांचा बृहत् आराखडा मंजूर झाला आणि २०२५ मध्ये ५,९४० कोटींचा सुधारित आराखडा. काही पट्ट्यांत कोणीही पाऊल टाकू नये, हेच योग्य. पण आज धोक्याची जमीन आणि निर्धोक जमीन एकाच कुंपणाआड आहे. धोका कुठे आहे ते सांगायचे, तर तो कुठे नाही हेही सांगावे लागेल. शिवाय कुंपणाने माणसे थांबलेली नाहीत. पहाटे धनबाद किंवा रामगढच्या रस्त्यावर उभे राहावे; दोन-अडीचशे किलो कोळसा लादलेल्या सायकली ढकलत, घाटात वाकून चालणारी माणसे दिसतात. ती त्याच बंद खाणींतून येतात, सर्वांत धोकादायक बाजूंनी, काळोखात. कुंपण त्यांना अडवत नाही, फक्त त्यांच्या अपघाताची जबाबदारी झटकायला उपयोगी पडते.

दुसरा आक्षेप चोरीचा आणि अतिक्रमणाचा: वाट खुली केली की जमीन बळकावली जाईल. माझा अनुभव उलट आहे. अतिक्रमण होते ते जिथे कोणी फिरकत नाही तिथे. तिसरा आक्षेप असा की, ज्यांना रोजगार हवा त्यांना वाटा देणे ही थट्टा आहे. वाट रोजगाराऐवजी दिली तर ती थट्टाच ठरेल. पण विस्थापित कुटुंबातील मुलगी चार किलोमीटरचा वळसा टाळून शाळेत पोचत असेल, शेतमजूर पलीकडच्या गावी कामाला जाऊ शकत असेल, तर तिला आणि त्याला ही मागणी चैनीची वाटणार नाही.

प्रत्यक्षात काय करता येईल? आरंभ नकाशापासून व्हावा. आजचा धनबाद आणि पुरुलिया हा प्रदेश पूर्वीच्या मानभूम जिल्ह्यातला. त्या जिल्ह्याची भूमापन व जमाबंदी १९१८ ते १९२५ या काळात झाली. तिचा अंतिम अहवाल बी. के. गोखले या सनदी अधिकाऱ्याचा. तो इतिहासाच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे; मराठी वाचकांनी त्याची दखल घ्यायला हरकत नाही. त्या भूमापनात गावोगावचे नकाशे तयार झाले. बंद होणाऱ्या प्रत्येक खाणीच्या क्षेत्रावर जुना गावनकाशा ठेवून कोणत्या वाटा गेल्या त्याची यादी करणे हे एका तालुका कार्यालयाच्या आवाक्यातले काम आहे. यादी ग्रामसभेपुढे वाचून दाखवली की उरलेले तपशील म्हातारी माणसे सांगतील. इंग्लंडने १९४९ च्या कायद्याने परगणा परिषदांना सार्वजनिक पायवाटांचे अधिकृत नकाशे तयार करायला लावले. तिथे आज पायवाट बुजवणे सोपे नाही ते या नकाशांमुळे.

दुसरी पायरी आराखड्याची. खाण बंद करण्याच्या आराखड्यात वाटांचे स्वतंत्र प्रकरण सक्तीचे व्हावे आणि नदी, स्मशान, शाळा व बाजार यांकडे जाणाऱ्या वाटा पुन्हा मिळेपर्यंत किंवा गावाने मान्य केलेला पर्याय तयार होईपर्यंत एस्क्रो खात्यातील अंतिम रक्कम मोकळी होऊ नये. एखादी वाट धोक्यामुळे बंद ठेवायची तर ती लेखी आदेशाने, कारण आणि मुदत नमूद करून ठेवावी. ढिगाऱ्यांच्या पायऱ्यांवरचे आणि खाणीतल्या वाहतुकीचे जुने रस्ते, उतारांची स्थिरता तपासल्यावर, एम्शरच्या सेवामार्गांप्रमाणे खुले करता येतील. मालकी कंपनीकडे राहिली तरी चालेल; वहिवाट मात्र महसुली अभिलेखात नोंदलेली हवी. असे झाले तर जमीन उद्या सौरप्रकल्पाला भाडेपट्ट्याने गेली तरी वाट तिच्याबरोबर जाणार नाही.

तिसरा प्रश्न हे सारे पाहणार कोण, हा. खाण एका कंपनीची, नदी दोन राज्यांची, जंगल तिसऱ्या खात्याचे, अशा वाटणीत वाट कुठल्याच फायलीत बसत नाही. रूरमध्ये खोऱ्याचे मंडळ होते. आपल्याकडेही आहे. १९४८ च्या दामोदर खोरे महामंडळ कायद्यात सिंचन, वीज आणि पूरनियंत्रण यांबरोबर वनीकरण, मृदसंधारण, सार्वजनिक आरोग्य आणि खोऱ्याचे सर्वसाधारण कल्याण हीही कर्तव्ये लिहिलेली आहेत. महामंडळ आज मुख्यतः वीज निर्माण करते. उरलेली कलमे रद्द झालेली नाहीत. वाटांच्या देखभालीसाठी २०१५ च्या दुरुस्तीनंतर आलेल्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानांचा निधी वापरता येईल आणि ते काम खोऱ्यातल्याच माणसांना मजुरीने देता येईल. हा प्रश्न केवळ दामोदरचा नाही. वर्धा खोऱ्यात घुग्घुस, माजरी, वणी, बल्लारपूरच्या परिसरात माती-दगडांचे असेच डोंगर नदीकाठी उभे आहेत आणि तिथल्या खाणीही एक दिवस संपणार आहेत. खाण संपल्यावर वाट शोधण्यापेक्षा खाण चालू असतानाच ती नोंदवून ठेवणे कितीतरी सोपे आहे.

तो अर्ज आज माझ्या टेबलावर आला असता तर मी काय लिहिले असते, याचा विचार मी अनेकदा केला आहे. गावनकाशावरील वाट तपासावी. त्या पट्ट्यात स्फोटाचे काम नसेल ते दिवस व्यवस्थापनाने गावाला कळवावेत. त्या दिवशी एक माणूस सोबत देऊन फाटक उघडावे. तीन ओळींचा आदेश. असा आदेश देण्याचा अधिकार मला होता की नव्हता, हे तेव्हा मी कायद्याचे पुस्तक उघडून पाहिलेही नव्हते.